धुऱ्यावरचं सागवान आणि ट्रॅक्टरचा हूक

बैल अडला की थांबतो. ओंडका खुंटात अडकला, जू मानेवर दाटलं, की जोडी जागच्या जागी उभी राहते. हाकणाऱ्याने कितीही आरोळ्या ठोकल्या तरी. मग मागं जाऊन बघावं लागतं, पहार घालून ओंडका वीतभर सरकवावा लागतो, तेव्हा कुठं काम पुढं जातं. ट्रॅक्टरला हे कळत नाही. ओंडका अडला आणि मागची चाकं मातीत घट्ट बसली, की इंजिनची ताकद दुसरी वाट शोधते. चाकं फिरू शकत नाहीत, म्हणून चाकांच्या धुरीभोवती, म्हणजे ॲक्सलभोवती, ट्रॅक्टरच फिरायला लागतो आणि त्याचं नाक वर उठतं. तिथपासून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर येईपर्यंत दीडएक सेकंद जातो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत वेळ संपलेली असते.

नागपूर जिल्ह्यात काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड, कुठंही जा. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच-पंचवीस सागवान, एखादं मोहाचं झाड, कडुनिंब, बाभूळ असतेच. घर बांधायला काढलं, पोरीचं लग्न ठरलं किंवा झाड विजेच्या तारांवर झुकलं, की ते तोडायचा विषय निघतो. ट्रॅक्टर दारात असतोच, चेनसॉ भाड्याने मिळतो, आणि मग आपलं लाकूड आपणच काढून आपणच चिरावं असं वाटणं साहजिक आहे. ट्रॅक्टरने यातला ओढण्याचा भाग सोपा केला यात शंका नाही. पण बैलांचं ते थांबणं त्याच्याबरोबर गेलं, आणि तोडण्यापासून फळी सुकेपर्यंत जे जे बिघडतं त्यातलं बरंचसं मला तरी या गेलेल्या थांबण्यातच दिसतं.

आधी हिशेब. व्यापारी धुऱ्यावर येतो, झाडाकडं खालून वर बघतो आणि उक्ता भाव सांगतो. त्याच्या डोक्यात घनफूट असतात, आपल्या डोक्यात झाड. जुनी रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर साल काढून गोलाई मोजायची, तिचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. गोलाई ४ फूट, लांबी १० फूट असेल तर चौथा भाग १ फूट, म्हणजे लाकूड १० घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्याचं घनफळ असतं १२.७ घनफूट. ही फसवणूक नव्हे. चिरताना जो भाग जाणार तो आधीच वजा करणारी ही पद्धत आहे, आणि नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात काय किंवा दुसरीकडं काय, सगळे याच भाषेत बोलतात. फक्त आपल्यालाही ती यायला हवी. आणखी एक. खरं घनफळ कळलं की वजन कळतं. ओलं सागवान ढोबळमानाने घनमीटरला एक टन धरावं आणि एका घनमीटरचे ३५.३ घनफूट. म्हणजे वरचा ओंडका ३६० किलोचा. गोलाई ६ फूट झाली तर तेवढ्याच लांबीचा ओंडका ८१० किलोचा होतो. गोलाई दीडपट, वजन सव्वादोनपट. डोळ्यांना मात्र तो "थोडा जाड" दिसतो, आणि साखळी, हूक, ट्रॅक्टर या सगळ्यांची निवड त्या "थोडा जाड"वरच होते.

धुऱ्यावरच्या सागवानाकडून जंगलातल्या सागवानाची अपेक्षाही ठेवू नये. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून जे सागवान गेलं, ते जंगलात गर्दीत वाढलेलं; उजेडासाठी सरळ वर गेलेलं, खालच्या फांद्या लहानपणीच गळालेल्या. धुऱ्यावरच्या झाडाला चहूकडून ऊन मिळतं. त्याला फांद्या खालपासून फुटतात, म्हणून गाठी जास्त. बुंधा खाली जाड आणि वर भराभर निमुळता. बाहेरचं पांढरं लाकूड रुंद. विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्याचं तर आणखीच. पांढऱ्यात वाळवी आणि भुंगा शिरतो, गाभ्याला सहसा हात लावत नाही. गोलाईवरून भाव लावताना हे पांढरंही मोजलं जातं, चिरल्यावर मात्र ते बाजूला काढावं लागतं.

कागदपत्रं टाळून चालत नाही. सागवान, आंबा, मोह, चिंच ही झाडं आपल्याच वावरात असली तरी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्यामुळं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते आधी बघावं. नसेल तर तिथपासून सुरुवात. तोडल्यावर ओंडक्यांवर वनविभागाच्या हातोड्याचा शिक्का आणि रस्त्यावर न्यायला वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात. आरा यंत्राची गोष्ट याहून नाजूक. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून आरा गिरण्यांवर कडक नजर आहे. गोठ्याच्या बाजूला ट्रॅक्टरवर चालणारा पट्टी-आरा (बँडसॉ) लावला तर तोही गिरणी ठरू शकतो. म्हणून यंत्राचे पैसे मोजण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. परवाना मिळणार नसेल तर ओंडके परवानाधारक आऱ्यावर नेऊन आपल्या मापाने चिरून आणावे. पुढं जे चिरण्याबद्दल लिहिलंय ते तिथं उभं राहूनही कामाला येतं. उलट आरेवाल्याला काय सांगायचं हे माहीत असलेला गिऱ्हाईक तिथं कमीच दिसतो.

तोडायची वेळ जानेवारी ते मार्च. तूर निघालेली असते, कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली असते, सागाची पानं गळालेली किंवा गळत असतात आणि काळी माती वाळून टणक झालेली असते. हीच माती जूनमध्ये दोन पाऊस पडले की ट्रॅक्टर गिळते, आणि पांदणीने रिकामी बंडीसुद्धा निघत नाही.

झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडून पाचरीसारखी खाच घ्यायची. खोली व्यासाच्या चौथ्या भागापर्यंत. मागून काप घ्यायचा तो खाचेच्या तळापेक्षा बोट-दोन बोटं वर, आणि मधे व्यासाच्या दहाव्या भागाइतकं लाकूड न कापता ठेवायचं. बुंध्याचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर ४ सेंटिमीटरची पट्टी. हीच बिजागरी. झाड कुठं पडणार ते ती ठरवते, म्हणून ती आरपार कापून टाकली की झाड कुणाचंच ऐकत नाही.

झाड तारांकडं किंवा शेजाऱ्याच्या संत्रा बागेकडं झुकलेलं असेल तर ट्रॅक्टरने दोर लावून ओढायचा मोह होतो. ओढता येतं, पण दोन अटी आहेत. पहिली दोराच्या लांबीची: झाड ४० फूट उंच असेल तर ट्रॅक्टर किमान ७०-८० फूट दूर हवा, आणि तेवढी जागा नसेल तर जमिनीलगत दुसऱ्या झाडाला चाकी (पुली) बांधून दोर आडवा वळवावा. दुसरी ताणाची: दोर फक्त ताठ करायचा, झाड ओढून पाडायचं नाही. मागचा काप पुरा व्हायच्या आत ट्रॅक्टरने जोर लावला तर बुंधा उभा फाटतो. अर्धा वर उडतो आणि कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर येतो. सागवान उभं फाटायला तसंही तयारच असतं. नायलॉनचा दोर तर इथं अजिबात नको. तो ताणला की लांबतो आणि तुटला की हूकसकट परत येतो. महावितरणची लाईन झाडाच्या आवाक्यात असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय चेनसॉ सुरूच करू नये.

काही जण जेसीबी बोलावून झाड मुळासकट ढकलतात. झटपट काम होतं. पण बुंध्याच्या खालच्या दोन फुटांत, म्हणजे सगळ्यात जाड लाकडात, ताण येऊन चिरा पडतात आणि मुळांतले दगड-मुरूम लाकडात रुततात. ते पुढं आऱ्याच्या पात्याला सापडतात.

पडलेल्या झाडाचे तुकडे कुठं करायचे हा निर्णय घाईत होतो आणि नंतर बदलता येत नाही. सगळे सरसकट दहा-दहा फूट करून मोकळे होतात. त्याऐवजी आडवं झाड आधी एका डोळ्याने न्याहाळावं आणि जिथं वाक आहे तिथंच काप घ्यावा, म्हणजे दोन सरळ तुकडे निघतात. वाक मधे ठेवून कापलं तर एक वाकडा तुकडा मिळतो आणि त्याचं अर्धं लाकूड कडेलाच जातं. ७ फुटांची चौकट हवी असेल तर ओंडका ७ फूट ४ इंच ठेवावा. सुकताना टोकांना चिरा पडतात, तेवढं छाटायला लागतं. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना जाड ऑईलपेंट किंवा मेण फासावं. काही नसेल तर शेणमातीचा दाट लेप. टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी पटींनी वेगानं जातं. मार्चच्या उन्हात दोन दिवस उघडं राहिलेलं टोक चांदणीसारखं तडकतं आणि ती तडक आत किती गेली ते चिरेपर्यंत दिसत नाही.

आता हूक. आपल्याकडच्या ३५ ते ४५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आत-बाहेर असतं. साखळी बांधायला मागं तीन जागा दिसतात: खाली ड्रॉबार (ओढायची पट्टी), मधे दोन लोअर लिंक (अवजार उचलणारे हात), वर टॉप लिंकचा (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याचा) पिन. वरचा पिन हाताशी असतो, वाकावं लागत नाही, म्हणून साखळी तिथं जाते. जीव जातो तो याच जागेमुळं. ओढ धुरीच्या वर लागली की ती ट्रॅक्टरला मागं उलटवते. ड्रॉबार धुरीच्या खाली असतो. तिथं बांधलं आणि नाक उठायला लागलं तर ड्रॉबार आणखी खाली जातो, ओढीचा कोन बदलतो आणि उलटवणारा जोर कमी होतो. साखळी कितीही जाड असो, तिची जागा चुकली तर सगळं चुकलं.

ओंडका जमिनीवर पूर्ण टेकवून ओढायला त्याच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त जोर लागतो आणि त्याचं तोंड माती खणत जातं. म्हणून लोअर लिंकमध्ये आडवा बार घालून, त्याला साखळी आखूड बांधून, हायड्रॉलिकने ओंडक्याचं एक टोक फूटभर उचलणं बरं. ५६० किलोच्या ओंडक्याचं निम्मं वजन, २८० किलो, लिंकवर येतं. ते धुरीच्या मागं असल्यामुळं पुढच्या चाकांवरचं सुमारे १३० किलो वजन कमी होतं. पुढं ७०० किलो असलेल्या ट्रॅक्टरला सपाटीवर हे सहज झेपतं. चढावर, झटक्यात क्लच सोडला असताना, ओंडका खुंटाला अडकला असताना, ते झेपेलच असं नाही. म्हणून पुढच्या बंपरवर वजनं लावून ठेवावी, पहिला लो गिअर, क्लच हळू. आणि ओढताना बार ड्रॉबारच्या उंचीपेक्षा फार वर नेऊ नये. हायड्रॉलिकची क्षमता १२०० किलो लिहिलेली आहे म्हणून ओंडका कमरेएवढा उचलणारे असतात. ती क्षमता पंपाची असते, ट्रॅक्टरच्या तोलाची नव्हे.

साखळी १० मिलिमीटरची, ग्रेड ८० ची घ्यावी. तिची सुरक्षित ओढ तीन टनांच्या वर असते. विहिरीच्या मोटरला बांधलेली जुनी साखळी आणू नये. फास ओंडक्याच्या टोकापासून दीड फूट आत, हूक वरच्या बाजूला, म्हणजे ओढताना तो मातीत घासत नाही. ओढ सुरू करण्याआधी साखळी ताठ करायची, थांबायचं, उतरून फास बघायचा, मग चालायचं. हे थांबणं बैल फुकटात करून द्यायचा.

तोंड उचलून ओढण्याचा दुसरा फायदा आऱ्यावर कळतो. काळ्या मातीतून फरफटत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत बारीक वाळू आणि मुरूम दाबून बसतो. सागवानात मुळातच सिलिका असते, ती पात्याची धार खातेच. त्यात ही माती आली की नवं पातं पहिल्या दोन कापांतच बोथट होतं. साल काढून ओंडका ब्रशने घासून किंवा पाण्याने धुऊन मगच आऱ्यावर चढवावा. हे अर्ध्या तासाचं काम सगळे टाळतात, आणि मग आरेवाल्याचं पातं खराब होतं म्हणून भांडण होतं.

ट्रॉलीत चढवायला जेसीबी लागतोच असं नाही. ट्रॉलीच्या कडेला दोन मजबूत बल्ल्या तिरप्या टेकवाव्या. दोन दोरांची एकेक टोकं ट्रॉलीलाच बांधून, दोर ओंडक्याखालून घेऊन वरून परत ट्रॉलीत आणावे आणि ओंडका गोल गडगडवत वर ओढावा. तीस अंशांच्या उतारावर ५०० किलोच्या ओंडक्याला २५० किलोचा जोर लागला असता. दोर असा फिरवला की १२५ पुरतो. चार माणसं आरामात चढवतात. ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, एवढंच.

चिरायला पट्टी-आरा की चेनसॉ, हा प्रश्न पात्याच्या जाडीवर येतो. पट्टी-आऱ्याचा काप अडीच मिलिमीटरच्या आसपास जातो, चेनसॉला चौकट लावून चिरलं तर साडेआठ. ३०० मिलिमीटरच्या चौकोनी ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढा: पट्टी-आऱ्यावर ११ फळ्या आणि १० काप, बरोबर ३०० मिलिमीटर संपतात. चेनसॉवर ९ फळ्या निघतात. दोन फळ्यांचं सागवान भुशात जातं. चेनसॉने चिरायचंच असेल तर आडव्या कापाची साखळी चालत नाही. दातांचा कोन तीस अंशांवरून दहा अंशांवर घासून घ्यावा लागतो, नाहीतर यंत्र नुसतं धूर काढतं.

ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागं निघणाऱ्या फिरत्या शाफ्टवर, आरा चालवायचा तर एक आकडा छान जुळतो. ३६ इंची चाकाचा घेर २.८७ मीटर, पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९. पट्ट्याचा वेग सेकंदाला २५-२६ मीटर येतो, आणि लाकूड चिरायला तो चांगला वेग आहे. पण इंजिन दबलं, फेऱ्या चारशेवर आल्या, की वेग एकोणिसावर घसरतो. तेवढाच रेटा दिला तर प्रत्येक दात जास्त लाकूड उचलायला बघतो आणि पट्टा वाकतो. फळीवर पाण्यासारखी लाट दिसते ती यामुळं. आरेवाले लाटेचा दोष लाकडाला देतात, "गाठ होती" म्हणतात. कधी कधी असतेही. पण बहुतेक वेळा बोथट दात, ढिला पट्टा किंवा जास्त रेटा, यांपैकी एक कारण असतं आणि तिन्हींवर पहिला उपाय एकच, हात सैल सोडणं. हँड थ्रॉटल लावून फेऱ्या स्थिर ठेवाव्या आणि आवाज जड झाला की रेटा कमी करावा.

त्याच नऊ फेऱ्यांचा दुसरा हिशेब भयंकर आहे. पीटीओच्या शाफ्टचा जोड साधारण १० सेंटिमीटर जाड, घेर ३१ सेंटिमीटर. सेकंदाला नऊ वेळा म्हणजे पावणेतीन मीटर. उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टा दोन मीटरचा असतो. त्याचं टोक शाफ्टला लागलं तर तो पाऊण सेकंदात संपतो आणि पुढं मान असते. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण पहिल्याच हंगामात तुटतं आणि कुणी बदलत नाही. ते बदलावं, आणि आऱ्याजवळ दुपट्टा नको. ऊन लागत असेल तर टोपी घालावी.

धुऱ्यावरच्या झाडात लोखंड असतं हे गृहीतच धरावं. काटेरी तार, पाळण्याचा हूक, कधीकाळी ठोकलेला खिळा. झाड त्यावर वाढतं आणि सगळं पोटात घेतं. बाभूळ आणि सागवान यांच्यात टॅनिन असतं, त्याचा लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो आणि तो लाकडाच्या रेषांबरोबर वर-खाली पसरतो. म्हणून ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर असा शाईचा डाग दिसला, की त्याच्या मागं कुठंतरी खिळा आहेच. तो भाग हातभर कापून बाजूला ठेवावा. बाजारात हातात धरायचा धातुशोधक मिळतो, त्याचे पैसे पहिल्याच वाचलेल्या पात्यात निघतात.

चिरताना ओंडका एकाच बाजूने संपवू नये. दोन-तीन फळ्या काढल्या की अर्धा फिरवून दुसऱ्या बाजूने काढाव्या; झाडात साठलेला ताण दोन्हीकडून सारखा सुटतो, नाहीतर उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो आणि पुढच्या फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ येतात. मधला, गराचा भाग फळीत घेऊ नये. तो चौकटीच्या जाड तुकड्यात मध्यावर बंदिस्त ठेवावा किंवा सरळ जळाऊ फाट्यांत टाकावा. फांद्यांच्या फळ्या काढायच्या भानगडीत पडू नये. फांदीचं लाकूड वरून-खालून वेगळ्या ताणात वाढलेलं असतं आणि सुकताना पीळ घेतं. मात्र त्यातले बरे तुकडे फेकू नयेत. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल अशाच ठोकळ्यातून निघतो, आणि घरच्या सागवानाचा बैल पोरगं दहा पोळे ओढतं.

आता सगळ्यात लांबलेलं काम, आणि नागपुरात सगळ्यात जास्त बिघडणारं: सुकवणं. लाकूड आजूबाजूच्या हवेशी ओलाव्याचा समझोता करतं. मे महिन्याच्या दुपारी नागपूरची हवा इतकी कोरडी असते की तिच्याशी जुळलेल्या लाकडात चार-पाच टक्केच ओलावा राहतो. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंशांची नोंद झाली होती. असे दिवस लाकडाला भट्टीच असतात. ऑगस्टमध्ये तीच हवा लाकडाला पंधरा-सोळा टक्क्यांवर नेऊन ठेवते. जास्त पावसाच्या कोकणातही एवढा झोका बसत नाही, कारण तिथला उन्हाळाही दमट असतो.

उन्हाळा कोरडा आहे म्हणून फळ्या अंगणात पसरून ठेवल्या की लवकर सुकतील, हा सरळ विचार आहे आणि चुकीचा आहे. बाहेरचा थर उन्हात आकसतो, आतला ओलाच असतो. बाहेरच्याला आकसायला जागा मिळत नाही म्हणून तो तडकतो. सागवान बरंच सोसतं. ऐन आणि बाभूळ सोसत नाहीत. थप्पी सावलीतच हवी: शेडमध्ये, जमिनीपासून दीड फूट वर, विटांच्या ओट्यावर. प्रत्येक थरात दीड-दीड फुटांवर एक इंची चौकोनी पट्ट्या, त्याही वाळलेल्या, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक उभ्या रेषेत. पट्टी चार बोटं सरकली तर वजन फळीच्या पोटावर येतं आणि फळी तिथं कायमची वाकते. वर दगड किंवा जड ओंडके. थप्पीची पश्चिमेची आणि वायव्येची बाजू एप्रिल-मेमध्ये बारदानाने झाकावी, लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, तिकडूनच येते. पाऊस लागला की बारदान काढून वारा खेळू द्यावा, नाहीतर बुरशीचे काळे डाग पडतात. पांढऱ्या लाकडाच्या फळ्यांना रचण्याआधी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स, एकास दीड या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून, त्यात बुडवून काढलं तर भुंगा लागत नाही. पाण्याने हे धुपून जातं, म्हणून घरातल्या कामालाच.

सुकलं हे कसं ओळखायचं? थप्पीतली एक फळी निवडावी, तिच्यावर खूण करावी आणि दर पंधरा दिवसांनी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावी. वजन घसरत राहील, मग घसरण मंदावेल. इंची फळी जूनच्या पावसाआधी बऱ्यापैकी सुकते. तीन इंची चौकटीचं लाकूड सुकत नाही, त्याला पुढचा उन्हाळा लागतो. जुलैत त्याच फळीचं वजन परत थोडं वाढलेलं दिसेल. तिच्यात काही बिघडलेलं नसतं, हवा बदललेली असते.

दार कधी बसवायचं हे यावरून ठरतं. आडव्या कापाची, म्हणजे रुंदी वाढीच्या कड्यांच्या दिशेने असलेली, फूटभर रुंद सागवानी फळी मेमधल्या कोरडेपणापासून ऑगस्टच्या ओलाव्यापर्यंत पुरती फुगली तर पाच-सहा मिलिमीटर रुंद होते. तीच फळी गाभ्यापासून सालीकडं, म्हणजे उभ्या कापाने काढलेली असेल तर अडीच. मेमध्ये घट्ट बसवलेलं दार म्हणूनच पोळ्यापर्यंत चौकटीत अडकतं, आणि सुतार येऊन रंधा मारतो. पुढच्या मेमध्ये त्याच दाराच्या फटीतून लू आत येते. कूलर असलेल्या खोलीत तर दाराची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहते, पल्ला खोलीच्या बाहेरच्या बाजूला पन्हाळीसारखा वळतो. उंबऱ्याजवळ कूलरची धार दारावर येत असेल तर त्या बाजूला रंगाचा थर कमी पडू देऊ नये, आणि दाराच्या खालच्या-वरच्या कडाही रंगवाव्या; त्या कुणाला दिसत नाहीत म्हणून कोऱ्या राहतात. बसवायला नोव्हेंबर बरा. पावसाचा ओलावा उतरलेला असतो, लू यायला पाच महिने असतात. बिजागरीच्या समोरच्या बाजूला तीन मिलिमीटर फट ठेवावी, आणि सुतार घट्ट बसवून दाखवायला लागला तर त्याला थांबवावं.